एक जूनचं पान

घोडबंदर रोड, ठाणे (प.)
५ जून २०२५

ती. ताईस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवतो आणि पुढच्या पिढ्यांनी तिची दखल घ्यावी अशी माझी इच्छा आहे. आंतरदेशीय पत्राच्या कडेचा डिंक चिकटत नाही. मी जीभ लावली, पाणी लावलं, शेवटी वैशालीच्या कुकरमधली चार शितं लावली. ती छान चिकटली. पत्र टेबलावर ठेवून झोपलो आणि सकाळी बघतो तर बाविसाव्या मजल्यावर मुंग्यांची रांग. लिफ्ट बंद पडली की आमच्याकडे पाहुणे फिरकत नाहीत, पण मुंग्यांना काही अडत नाही. मुंगी स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट ओझं उचलते हे मी आजवर तीनदा छापलंय. ती माझं पत्र खायला बावीस मजले चढेल, हे मात्र कुठल्याही पुस्तकात नव्हतं. हे सगळं सोसायचं कारण एवढंच की तुला फोनवर अर्धंच ऐकू येतं, व्हॉट्सअॅपला तू हात लावत नाहीस, आणि दारात पोस्टमन दिसला की आबांचा दिवस बरा जातो. अडतीस वर्षं टपाल खात्यात पत्रं निवडलेल्या माणसाला मोबाईलवर मेसेज पाठवायचा म्हणजे आचाऱ्याला जेवणाचा फोटो पाठवण्यातला प्रकार.

माझ्या धंद्याचं बरं नाही. सत्तावीस वर्षं मी छापखान्याच्या रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरमागे प्राण्यांच्या गमती लिहितोय. वर्षाला तीनशे पासष्ट. आता मालकाचा मुलगा ऋतुराज गादीवर बसलाय, वय एकोणतीस. तो म्हणतो की काका, मागची बाजू कोण वाचतं, तिथे जाहिरात टाकू. मी त्याला सांगितलं की आमच्या घरात पुढची बाजू कुणी वाचत नाही, तारीख विचारायला शेजारी जातात.

खरं सांगायचं तर आईने तो खेळ सुरू केला नसता तर मीही कधीच सोडलं असतं. ज्याचा वाढदिवस त्याने त्या दिवसाचं पान फाडायचं, मोठ्याने वाचायचं, आणि वर्षभर तोच त्याचा प्राणी. लिहिणारा मीच, त्यामुळे घरच्या तारखांना थोडा वशिला चालतो. आपल्या जावयाला, संदेशला, समुद्रघोडा दिला. त्यात नर बाळंत होतो. तेव्हापासून तुझी प्राची त्याला डिंकाचे लाडू हवेत का विचारते. वैशालीच्या तारखेला माझ्या गाफीलपणामुळे वॉम्बॅट गेला, ऑस्ट्रेलियातला, ज्याची लीद चौकोनी ठोकळ्यांची पडते. ती अकरा दिवस बोलली नव्हती, आणि ते अकरा दिवस घर फार स्वच्छ होतं. आबांना मात्र मी नेहमी भारदस्त जनावर देतो. गेल्या साली तीन हृदयांचा ऑक्टोपस दिलेला, तर त्यांनी डॉक्टरला विचारलं की मग माझ्या एकाच हृदयाचं एवढं बिल कसं.

यंदा थेट हत्ती दिलाय. रविवारी आबांच्या वाढदिवसाला मीच यायचो, पण कापूरबावडीपर्यंतच दीड तास लागला आणि मी गाडी वळवली. आबांना हत्ती कसा वाटला ते सविस्तर कळव.

लोभ जुनाच आहे, त्याला अधूनमधून ऊन दाखवत जा.

तुझा,
महेंद्र


खडवली
११ जून २०२५

चि. महेंद्र यास,
अ. आ. व जय भीम.

पत्र पोचलं. दोन मुंग्याही पोचल्या, मेलेल्या. तुझ्या बाविसाव्या मजल्यावरून खडवलीपर्यंत आल्या बिचाऱ्या, तेवढं तुला जमलं नाही.

हे पत्र आबा झोपलेत तोवर लिहितेय, त्यांना दाखवणार नाही. तू हत्तीचं विचारलंस म्हणून सांगते. रविवारी प्राची आणि संदेश डोंबिवलीहून आलेले. शेवयांची खीर केली होती. आबांनी इस्त्रीचा सदरा घातला, खुर्चीत ताठ बसले, पान फाडलं आणि ऑफिसात पत्ता वाचायचे त्या आवाजात वाचलं. तू लिहिलंयस ते मी उतरवून काढलं, तुला आठवत नसेल म्हणून पुन्हा देते. मरण जवळ आलं की म्हाताऱ्या हत्तीला ते कळतं. कळपाला आपलं ओझं नको म्हणून तो कुणालाही न सांगता वेगळा होतो आणि पूर्वजांच्या जागी चालत जातो. कळपही त्याला अडवत नाही.

वाचून झाल्यावर कुणी हसलं नाही. संदेश चांगला मुलगा आहे, तो म्हणाला की आबा, तुम्हाला सगळ्यांत मोठा प्राणी मिळाला. आबा दरवर्षी ते पान भिंतीवरच्या खिळ्याला अडकवतात आणि आल्यागेल्याला दाखवतात. या वेळी घडी करून खिशात ठेवलं. खीर अर्धी टाकली.

मंगळवारी त्यांनी रेडिओ शेजारच्या धोंडीबांना देऊन टाकला. बुधवारी बँकेचं पुस्तक माझ्यापुढे आणून ठेवलं आणि सही कुठे करायची ते समजावून सांगितलं. परवा सोमवारी मी नळावरून आले तर घरात नाहीत. तुला माहीत आहे, त्यांना खाटेवरून उठवावं लागतं, पण एकदा उभे राहिले की काठीवर कुठेही जातात. स्टेशनवर बाकावर बसलेले सापडले. पिशवीत दोन सदरे, टॉवेल, वंदनेची पुस्तिका आणि ते पान. मी विचारलं कुठे निघालात, तर म्हणाले की गाड्यांच्या वेळा बघत होतो. घरी येताना हळूच म्हणाले की टपाल ज्याच्या नावावर येतं त्याला ते टाळता येत नाही. मी समजले नाही. रात्री समजलं.

महेंद्र, त्यांना वाटतंय की ते तू त्यांना लिहिलंयस.

खरं असतं का रे हत्तीचं ते? असलं तरी त्यांना दोन ओळी लिही की तसलं काही मनात आणू नका. माझ्या मार्चच्या पानावर तू धनेश पक्ष्याची मादी दिली होतीस. ती झाडाच्या ढोलीत स्वतःला चिखलाने लिंपून घेते आणि नर बाहेरून फटीतून तिला घास भरवत राहतो. मी तेव्हा हसले होते. तुझे भाऊजी गेल्यापासून मी या ढोलीत आहे. फटही आहे. चोच तेवढी दिसत नाही.

वैशालीला जय भीम. तुझ्यावर लोभ ठेवायला मला फार कष्ट पडतात, पण ठेवते.

तुझी,
दर्शनाताई


घोडबंदर रोड, ठाणे (प.)
१८ जून २०२५

ती. ताईस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

तुझं पत्र वाचलं. वैशालीलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली की तुम्ही उद्याच्या उद्या जाऊन या. बायकांचं बरं असतं, त्यांना उद्या लगेच दिसतो.

आबांचं तू मनावर घेऊ नकोस. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणूस कशाचाही अर्थ स्वतःवर ओढून घेतो. परवा आमच्या सोसायटीत पाणी बंद राहील अशी नोटीस लागली, तर पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले की हे मला उद्देशून आहे. हत्तीबद्दल पुष्कळ गोष्टी सांगितल्या जातात, त्यांतली ती एक. आता छापलेल्या मजकुरावर लिहिणाऱ्यानेच खुलासे करत बसलं तर कसं होईल? तूच विचार कर. आबांनी सत्तावीस वर्षांची पानं बिस्किटांच्या डब्यांत भरून ठेवलीत. पोस्टमनपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ते सांगतात की माझा मुलगा पुराव्याशिवाय एक ओळ छापत नाही. त्यांतलं एक पान खोटं म्हणून काढलं की बाकीच्या डब्यांचं काय करायचं? या वयात त्यांच्याकडून तेवढंही काढून घ्यायचं का?

त्यापेक्षा मी वेगळा उपाय केलाय. सोबत आबांच्या नावे स्वतंत्र चार पानी पत्र जोडलंय, ते त्यांना सावकाश वाचून दाखव. त्यात नुसती म्हातारी जनावरं आहेत. उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात एक शार्क मासा अडीचशे वर्षांहून जास्त जगतो आणि त्याला कसलीच घाई नसते. कासवं दीडशे पार करतात. किलर व्हेलच्या कळपात म्हाताऱ्या माद्या पुढे पोहतात, कारण दुष्काळाच्या साली मासे कुठे मिळायचे ते त्यांनाच आठवतं. कावळा एकदा पाहिलेला चेहरा वर्षानुवर्षं विसरत नाही. आणि रक्त पिणारी वटवाघळं, ज्यांच्याबद्दल आपण एवढं वाईट बोलतो, ती उपाशी राहिलेल्या शेजाऱ्याला आपल्या पोटातलं ओकून देतात. हे सगळं अस्सल आहे, पुस्तकं समोर ठेवून लिहिलंय. आबा खूश होतील.

इकडे आणण्याचं म्हणशील तर माझी ना नाही. पण बाविसावा मजला, लिफ्टचं हे असं, आणि त्यांना उंची मानवत नाही. दिवाळीनंतर नक्की बघू.

लोभाच्या बाबतीत मी कायमचा थकबाकीदार, सवलत चालू ठेवावी.

तुझा,
महेंद्र


खडवली
२७ जून २०२५

चि. महेंद्र यास,
अ. आ.

तुझी चार पानं वाचून दाखवली. तासभर लागला, मध्ये त्यांना खोकला आला. आबांनी शेवटपर्यंत ऐकलं. वटवाघळापाशी त्यांनी मान डोलावली. संपल्यावर विचारलं की यात हत्तीचं काही नाही? मी म्हटलं, नाही. मागच्या बाजूला बघ म्हणाले. मी बघितलं, कोरी होती. मग ते म्हणाले की म्हणजे ते कायम आहे.

एवढंच. रागावले नाहीत. उलट संध्याकाळी धोंडीबांना सांगत होते की मुलगा किती सभ्य आहे, जे सांगायचं ते एकदाच सांगतो, पुन्हा तगादा लावत नाही.

आता मी दाराला खाट आडवी टाकून झोपते. त्यांना उठवताना पाठीत चमक निघते ती तशीच घेऊन पडते. झोप कसली येते म्हणा. पडल्या पडल्या हिशेब करते, पैशांचा नाही, तारखांचा. तू दरवर्षी पुढच्या सालची पानं गणपतीच्या आधी छापायला देतोस, सगळ्यांना माहीत आहे. गेल्या साली १४ ऑगस्टला मी तुला लिहिलं होतं की आबांना सहा महिने घेऊन जा, आता माझ्याने होत नाही. आठ दिवसांनी तुझं उत्तर आलं, त्यात लिफ्ट होती. मग एक जूनचं पान तू कधी लिहिलंस? त्याच आठ दिवसांत का? मला हो की नाही एवढंच कळव. मी आरोप करत नाहीये. मला फक्त कळायला हवं की आबा चुकीचं वाचतायत की बरोबर.

आणि आता शार्क नको, कासव नको. एक पोस्टकार्ड घे. त्यावर लिही की आबा, ते पान खोटं आहे, मी पदरचं लिहिलं, तुम्ही कुठेही जाऊ नका. तीन ओळी होतात. तुला रोज चार ओळींची सवय आहे. दुसऱ्या कुणाचं ते ऐकणार नाहीत. मी दहा वेळा सांगितलं, ते म्हणतात की तू छापत नाहीस.

लोभाचं मागाहून बघू.

दर्शना


खडवली
३० जून २०२५

चि. महेंद्र यास आबांचे अनेक आशीर्वाद. जय भीम.

तुझे एक जूनचे टपाल वेळेवर मिळाले. त्यानंतरचे चार पानी पत्रही मिळाले. व्हेल माशाची माहिती उपयुक्त आहे.

तुझी आई गेल्यावर दर्शनाने नऊ वर्षे माझे केले. मला उठवताना तिची पाठ दुखते. ती तोंडाने कधी बोलली नाही. तू बोललास ते बरे केलेस. समोर बसून असे सांगणे कुणालाही जड जाते. तू माझ्या तारखेला छापून कळवलेस, त्यात मला कमीपणा वाटला नाही. मनात काही ठेवू नकोस.

एक अडचण आहे. हत्ती पूर्वजांच्या जागी जातो असे तू लिहिले आहेस. आपले गाव धरणात गेल्याला पन्नास वर्षे होत आली. तेव्हा पाणी कुठवर आले आहे ते तिथे जाऊन बघावे लागेल. काठावर थोडी जागा असेलच.

दर्शना दाराशी खाट टाकते. ती दुपारी नळाला जाते तेव्हा निघेन. तिला कुणी बोल लावू नये. वैशालीस आशीर्वाद.

पत्र स्वतः पेटीत टाकतो आहे. पिन कोड नीट घातला आहे, तरी एकदा तपासून घे. तुझ्या पत्रांवर तो नेहमी घाईत लिहिलेला असतो.

तुझे,
आबा


डोंबिवली (पू.)
२ ऑगस्ट २०२५

महेंद्र,
जय भीम.

प्राचीकडे येऊन आठवडा झाला. इथे मला कुणी काम करू देत नाही. संदेश चहा करून आणतो आणि मी कप हातात धरून बसते. खडवलीला कधी येईन ते सांगता येत नाही. तू घरी थांबलायस ते बरं आहे. आबांची खोली तूच आवर. माझ्याने त्या खाटेकडे बघवत नाही.

भांडायला लिहीत नाहीये. भांडण तेरा दिवसांत सगळ्यांसमोर झालं तेवढं पुरे. तेव्हा फोन होते, माणसं होती, दवाखाना होता, आपण दोघं काय बोललो ते मला नीट आठवतही नाही. कागदावर विचारलेलं राहतं, म्हणून लिहितेय.

पहिलं. भिवा, तो धरणावर मासे धरणारा, पुण्यानुमोदनाला आला होता तेव्हा त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं. आबा पहिल्या दिवशी पाण्याकडे तोंड करून बसले होते. त्याने विचारलं की बाबा, कुणाची वाट बघता. आबांनी बोटाने पाण्यात दाखवलं की तिथे आमचं घर, तिथे विहीर, तिथे विहार. त्याने त्यांना आपल्या खोपटात नेलं, भात वाढला. त्यांनी चार दिवसांत चार घास खाल्ले नाहीत. तो म्हणाला की घरच्यांना कळवतो, नंबर द्या. तर आबा म्हणाले की कळपात सांगितलेलं आहे, कुणी शोधायला येणार नाही. भिवाला वाटलं म्हाताऱ्याला ताप चढलाय. ताप होताच. पण ते बरळत नव्हते हे तुला आणि मला माहीत आहे. आपण चार दिवस प्रत्येक स्टेशनवर शोधत होतो महेंद्र. मी टिटवाळ्यापासून कसाऱ्यापर्यंत प्रत्येक बाकाशी जाऊन आले. आणि ते तिथे बसून सांगत होते की कुणी येणार नाही.

दुसरं. तुझं पोस्टकार्ड आलं होतं. मी तुला सांगितलं नाही. ४ जुलैला पोस्टमनने दाराच्या फटीतून टाकलं, आबा घरातून निघून दोन दिवस झाले होते. तीन ओळी बरोबर लिहिल्या होत्यास. त्यावर तारीख २ जुलै होती. माझं पत्र तुला ३० जूनला मिळालं होतं, वैशालीनेच सांगितलं. मधले दोन दिवस तू काय करत होतास?

तिसरं. १२ तारखेला संध्याकाळी दवाखान्यात तू त्यांच्यापाशी एकटा होतास. मी औषधं आणायला खाली गेलेले. वर आले तेव्हा त्यांचं तोंड भिंतीकडे होतं आणि तू खुर्चीत नव्हतास, जिन्यात होतास. दुसऱ्या दिवशी ते गेले. त्या संध्याकाळी काय बोलणं झालं?

आणि हो की नाही, ते राहिलंच आहे.

दर्शना


खडवली
१० ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
सप्रेम जय भीम.

तू विचारलंस त्याच क्रमाने लिहीत नाही. सर्वांत शेवटी विचारलेलं आधी.

हो. त्याच आठ दिवसांत. तुझं १४ ऑगस्टचं पत्र टेबलावर होतं आणि मी मे संपवून जूनपर्यंत आलेलो. एक जून आबांचा म्हणून मोठं जनावर हवं होतं. हत्ती सुचला. हत्तीबद्दल चार खऱ्या गोष्टी मला पाठ आहेत, त्यांतली एकही लिहिली नाही. म्हाताऱ्या हत्तीची ती गोष्ट लहानपणी कुठेतरी ऐकलेली, खरी नाही हेही तेव्हा माहीत होतं. तीन ओळी झाल्या. पानावर चार बसतात. एक ओळ रिकामी दिसत होती म्हणून मी लिहिलं की कळपही त्याला अडवत नाही. ते कुठेही ऐकलेलं नव्हतं. ते माझं.

मी आबांना मुद्दाम सांगत होतो का, असं तू विचारशील. तसं मी स्वतःला कळू दिलं नाही. पण लिहून झाल्यावर मला हलकं वाटलेलं, हे आठवतं. मला ते वाक्य आवडलं होतं ताई. मी ते वैशालीला वाचून दाखवलेलं. म्हणजे आबा चुकीचं वाचत नव्हते. अडतीस वर्षं दुसऱ्यांचे अर्धवट पत्ते बरोबर लावलेला माणूस, त्याला मुलाचं अक्षर कळणार नाही होय.

दोन दिवसांचं. तुझं पत्र ३० तारखेला दुपारी मिळालं. मी लगेच बसलो. तीन ओळी लिहायला मला दोन दिवस लागले, कारण मी अशी तीन वाक्यं शोधत होतो ज्यांत पान खोटं ठरेल पण मी खोटा ठरणार नाही. संदर्भपुस्तकात चूक होती असं लिहून पाहिलं. छापखान्याने मजकूर बदलला असं लिहून पाहिलं. एकात तर मी ऋतुराजवर ढकललं. अकरा कार्डं फाडली. बारावं तू सांगितलंस तसं लिहिलं आणि खाली उतरलो, तेव्हा इकडे आबा दुपारच्या गाडीत बसले असतील. त्यांचं पत्र ठाण्याला ५ तारखेला पोचलं, तेव्हा कुठे आपण धरणावर गेलो. पिन कोड बरोबर होता.

आता १२ तारीख. तू खाली गेलीस आणि आबांनी डोळे उघडले. मी त्यांना सांगितलं की ते पान मी मनाने रचलेलं, हत्ती असं करत नाहीत. त्यांनी विचारलं की मग काय करतात. मी सांगितलं, जे खरं आहे ते. कळपातला एखादा खाली बसला की बाकीचे त्याच्याभोवती उभे राहतात. सोंडेने, पायाने, सुळ्यांनी त्याला उठवायला बघतात. तोंडात गवत घालून बघतात. नाही उठला तरी लवकर हलत नाहीत, आणि पुढे कधी त्या वाटेने आले तर थांबून त्याची हाडं सोंडेने चाचपतात. आबा ऐकत होते. सगळं ऐकून म्हणाले की हे आधी का नाही छापलंस.

पुस्तक कपाटातच होतं. मी म्हटलं, राहून गेलं. त्यांनी पाणी मागितलं, दोन चमचे घेतलं, आणि कूस बदलली. त्यांना स्वतःहून कूस बदलता येत नव्हती असं तू म्हणायचीस. त्यांनी बदलली. मी त्यांना हाक मारली, मग जिन्यात जाऊन बसलो. रात्री ते तुझ्याशी बोलले, तुझी पाठ कशी आहे विचारलं. माझ्याशी त्यानंतर नाही.

यात तुला सांत्वन वाटेल असं काही नाही. मी शोधलं.

खोली आवरली. खाट अंगणात काढून ठेवलीय. डबे उघडले नाहीत. ऋतुराजला कळवलं की यंदा पानं देणार नाही, मागे खुशाल जाहिरात टाक. तो बरं म्हणाला. त्याला एवढा वेळ लागला नाही. वैशाली दर रविवारी येते, डबा ठेवते, मी जेवलो का बघते आणि फारसं न बोलता परत जाते. या वेळी मी काही केलेलं नाही तिला, वॉम्बॅटही दिला नाही. जाऊ दे, जमत नाही आता.

काल दुपारी दारात एक बाई येऊन उभी राहिली. मंजुळा नाव. नदीकडच्या वस्तीत राहते, स्टेशनाच्या पायऱ्यांवर रानभाजी विकते, तू ओळखत असशील. मला बघून घोटाळली. विचारल्यावर म्हणाली की तिचा भाऊ रामा तुरुंगात आहे, मारामारीच्या केसमध्ये, आणि आबा दर महिन्याला तिचं त्याला पत्र लिहून द्यायचे. तू नळावर गेलीस की यायची म्हणे, तुला चहाचा त्रास नको म्हणून. जुलैचं पत्र आबांनी देतो म्हणून सांगितलेलं आणि ते राहिलं. रामाचा तिकडून निरोप आला की घरी कुणी मेलं का, पत्र का नाही. ती अंगणातच उभी राहून म्हणाली की तुम्ही पण लिवता ना, आबा सांगायचे.

मी तिला आत बसवलं. तिने सांगायला सुरुवात केली. आईच्या डोळ्याला आता अजिबात दिसत नाही. छपराचा एक पत्रा उडाला, दुसरा टाकला. बकरी व्याली, दोन पिल्लं झाली, एक मेलं. मी तिथे थांबलो आणि म्हटलं की मेलेल्याचं आत्ता नको कळवूया, तो तिथे एकटा आहे. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तुरुंगात आहे. म्हणाली, लिवा. तो भायेर आल्यावर मोजंल ना.

मी लिहिलं. दोन झाली, एक मेलं. बकरीबद्दल मला चांगल्या दोन-तीन गोष्टी माहीत आहेत, त्या लिहिल्या नाहीत. मारामारी करू नको, जेवण टाकू नको, आईला तुझा आवाज आठवतो, हे तिने सांगितलं तसंच आणि तेवढंच उतरवलं. शेवटी कागदावर तीन-चार ओळींची जागा उरली. ती तशीच कोरी सोडली. तिला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती, आपलंच आहे ना हे बघावं तसं.

पाकिटावर रामाचं नाव आणि त्याचा कैदी क्रमांक नीट घातला, वर कोपऱ्यात लिहिलं, जुलै महिन्याचे. आज सकाळी टाकून आलो.

लोभाबद्दल मी काही मागत नाही.

महेंद्र